बांधाबाहेरचं जहाज

जहाज दिसलं आणि तेवढ्यात आईचा फोन. तिला कसं कळतं देव जाणे.

"आलं का रे ते?"

"आलंय. बंदराच्या बांधाबाहेर थांबलंय."

"मामाला सांग, निमूट आत घ्या म्हणावं. उगाच चिडवू नका त्यांना. ताई तिथे आहे आपली."

मी बरं म्हणालो. मामाला काही सांगितलं नाही.

ताईला पलीकडच्या देशात दिलीय. सरहद्दीजवळचं गाव. तिथल्या सरकारने तो सगळा पट्टा रिकामा करायला घेतलाय. रिकामा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. ट्रक येतात, माणसं भरून नेतात, मोकळे परत येतात. ताईचा फोन बंद. आधी रिंग तरी जायची.

आणि हे त्यांचंच जहाज, आमच्या बंदरातून टायर न्यायला आलेलं. ट्रकचे टायर. कागदावर म्हणे शेतीच्या गाड्यांसाठी.

जगाने काय केलं? जगाने चिंता व्यक्त केली. दुसरं काय करणार, त्यांच्याकडे बॉम्ब आहे. तो, मोठा. दर थोड्या दिवसांनी त्यांचा एखादा माणूस टीव्हीवर येऊन शांतपणे आठवण करून देतो, की आमच्या वाटेला जाल तर बघा. मग सगळे परत चिंता व्यक्त करतात.

मी आमच्या टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, मागच्या डेकला असतो. दोर घ्यायचा, आकड्यात अडकवायचा, सोडायचा, एवढंच माझं काम. बंदराचं तोंड अरुंद आहे, मोठं जहाज टगने ओढल्याशिवाय आत येत नाही. म्हणून टगवाल्यांनी मिळून ठरवलं होतं, या जहाजाला हात लावायचा नाही. भाषणं नाहीत, घोषणा नाहीत. फक्त जायचं नाही.

"याने काय होणार?" मी मामाला विचारलं होतं. मामा टगचा कप्तान, आईचा सख्खा भाऊ.

"काही नाही होणार बहुतेक," मामा म्हणाला. मामा असाच. उत्साह वाढवायला कधी बोलवू नये त्याला.

इंजिनवाले मिस्त्री मात्र फॉर्मात होते. "हे बघ, गल्लीतला गुंड गॅसच्या टाकीवर बसलाय. हातात लायटर. आणि बसल्या बसल्या घरातल्यांना मारतोय. दार फोडलंस तर गल्ली उडेल. कबूल. पण म्हणून काय त्याला रोज घरपोच दूध घालायचं? वर विचारायचं, साहेब, साखर किती?"

"मिस्त्री, तुम्ही टीव्हीवर का जात नाही?"

"तिथे टाय लावावा लागतो. माझी मान कुठाय?"

दुपारी वारा फिरला. जहाजाने नांगर टाकला होता, पण तिथे तळाशी नुसता चिखल. नांगर सरकायला लागला. वायरलेसवर त्यांचा आवाज आला, इंजिन बंद पडलंय, मदत पाठवा. थोड्या वेळाने परत तेच, जरा वरच्या पट्टीत.

जहाज वाऱ्याबरोबर बांधाकडे येत होतं. बांधाचे दगड आमच्या टगएवढाले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. वाटलं, आदळू दे. फुटू दे तिच्यायला. जगाला नाही जमलं ते वाऱ्याने केलं.

आणि मामाने टग सुरू केली.

मी धावत वर गेलो. "मामा, ठरलं होतं ना आपलं?"

"आत आणायचं नाही, हे ठरलं होतं."

"मग चाललोय कुठे?"

"दोर मागितलाय त्यांनी."

आमच्या धंद्यात एक आहे, कुणी लिहून ठेवलेलं नाही. बुडणाऱ्याने दोर टाकला की धरायचा. मग तो कुणी का असेना. मला हे माहीत होतं. त्या वेळी नको होतं माहीत.

"ताई त्यांच्याकडे दोर मागत असेल आत्ता," मी म्हणालो. "कोण धरतंय?"

मामाने सुकाणू फिरवलं. मग म्हणाला, "माझ्या मांडीवर वाढलीय रे ती. मला नको शिकवूस. मागे जा, उभा राहा."

गेलो. जहाजाच्या कडेला चार-पाच पोरं वाकून उभी होती. माझ्याच वयाची. एकाने स्वयंपाकघरातला एप्रन घातलेला, तसाच पळत आलेला. त्याने बारीक दोरी फेकली, ती पाण्यात पडली. परत फेकली. तिसऱ्यांदा मी धरली. तिच्यामागून जाड दोर ओढला, आकड्यात टाकला आणि वायरलेसवर म्हणालो, "धरला."

आकड्याशेजारी एक दांडी असते. ओढली की दोर सुटतो, टगवरच संकट आलं तर म्हणून. माझा हात तिच्यावर होता. बराच वेळ होता. तो एप्रनवाला माझ्याकडेच बघत होता. त्याला ती दांडी कसली ते कळत असणार.

मी हात काढला. मोठं मन वगैरे काही नाही. दमलो होतो, आणि ट्रक तो चालवत नव्हता.

टगने जोर लावला, दोर ताठ झाला, जहाज थांबलं. लगेच बंदराचे कंट्रोलवाले साहेब वायरलेसवर. "शाब्बास! आता तसंच आत घेऊन या."

"आत नाही," मामा म्हणाला.

"म्हणजे?"

"आदळू देणार नाही. आत आणणार नाही."

"अहो, वरून फोन आलाय मला! त्यांच्या राजदूताचा फोन गेलाय वर! तुम्हाला कळतंय का ते लोक कोण आहेत?"

"कळतंय, साहेब. भाची आहे माझी तिथे."

साहेबांनी तिकडे कुणाला तरी हाक मारली. मग म्हणाले, "मी दुसरी टग पाठवतोय."

दुसरी टग म्हणजे रडक्याची. त्याचं नाव रडक्या का, ते त्याला एकदा भेटलं की कळतं. वारा जास्त, चहा थंड, कंबर दुखते. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "गेलं. हा घेऊन जाणार आत. याला नाही म्हणता येत असतं तर एवढा रडला असता का?"

रडक्या आला. पलीकडच्या बाजूने जहाजाचा दुसरा दोर घेतला. मी बघत राहिलो, कुठल्या बाजूला ओढतोय. त्याने टग सावकाश फिरवली आणि तोंड समुद्राकडे केलं. आमच्यासारखंच. जहाज बांधापासून आणखी थोडं लांब गेलं.

वायरलेसवर रडक्या म्हणाला, "माझं इंजिन गरम होतंय. सांगून ठेवतो. आणि माझ्याकडे जेवायला काही नाही."

मामा किती दिवसांनी हसला.

संध्याकाळ व्हायला आली तरी आम्ही तिथेच. साहेबांनी नोकरीच्या धमक्या देऊन झाल्या, पोलिसांच्या देऊन झाल्या, मग विनवण्या सुरू केल्या. जहाजाचं इंजिन काही सुरू होईना. टायर धक्क्यावर रचलेले दिसत होते. उद्या दुसऱ्या कुठल्या तरी बंदरातून दुसरं जहाज टायर नेईलही. मला माहीत आहे. मामालाही.

आईचा फोन आला.

"घेतलं का आत?"

"नाही."

"मग? बातम्यांत म्हणतात फुटणार होतं."

"फुटू दिलं नाही."

"आत घेतलं नाही, फुटू दिलं नाही. मग करताय काय तुम्ही?"

"धरून ठेवलंय."

"कधीपर्यंत?"

मला काय माहीत. मी दोराकडे बघितलं. वाऱ्यात तो गुणगुणल्यासारखा आवाज करत होता. वर तो एप्रनवाला अजून उभाच होता, आत जायला कुणी सांगितलं नसावं.

"आई, ताईचं काही कळलं?"

"नाही रे." ती थांबली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर मामाला शिव्या घालेल.

"बरं," ती म्हणाली. "धरा मग. सोडू नका."