दुर्सुन गेल्याची तबकडी

त्या गाण्यात जो मरतो, तो मी.

म्हणजे तबकडीवर मरतो. खरा मी गुडघे सोडले तर धडधाकट आहे. इस्तंबूलच्या कादिकॉय भागातल्या चहाच्या दुकानात रोज बसतो आणि अधूनमधून लांब केसांची पोरं येऊन विचारतात, "दुर्सुनकाका, 'दुर्सुन गेला' हे गाणं कसं झालं ते सांगा ना." मी आधी त्यांच्यावर खेकसतो, मग सांगतो. चहाचे पैसे तेच देतात.

त्या काळी इस्तंबूलच्या प्रत्येक बँडला खेड्यातलं गाणं हवं होतं. हातात इलेक्ट्रिक गिटार आली आणि एकेकाला आपली आजी आठवायला लागली. आमच्या बँडचं नाव 'येदी चिनार'. एर्कुत गायचा, मी ड्रम वाजवायचो. हा एर्कुत एका उन्हाळ्यात टेपरेकॉर्डर खांद्याला लावून किझिलइर्माक नदीकाठच्या गावांत हिंडला आणि दोन्दू नावाच्या म्हातारीकडून एक विलाप घेऊन आला. तिचा मुलगा नदीत बुडाला होता, त्याच्यासाठी तिनंच तो रचलेला. म्हातारीनं एकच अट घातली होती. "गाणं ने बाळा, पण माझ्या लेकाचं नाव नेऊ नकोस. तेवढं माझ्यापाशी राहू दे."

विलापात नावाशिवाय कसं चालेल? दर ओळीच्या शेवटी मेलेल्याला हाक मारायची असते. एर्कुत तिथे नुसताच गुणगुणायचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याचा सूर असा काही लागला की ती रिकामी जागा त्याला सोसवेना. काचेपलीकडे मी बसलेला दिसलो आणि त्यानं हाक मारली, "दुर्सुन गेला, पाण्यानं नेला." आम्ही सगळे हसलो, मीसुद्धा. मग दुसऱ्या नावानं गाऊन पाहिलं, तिसऱ्या नावानं पाहिलं, पण तो सूर काही परत आला नाही. शेवटी तीच तबकडी निघाली.

ती अशी खपली की विचारू नका. बसमध्ये तीच, न्हाव्याकडे तीच, लग्नातसुद्धा तीच. लोक माझ्या मरणावर खांद्याला खांदा लावून नाचायचे. कार्यक्रमात एर्कुत माझी ओळख करून द्यायचा, "आणि ड्रमवर, दुर्सुन." पुढच्या रांगेतल्या बायका कानाची पाळी ओढून खुर्चीच्या लाकडावर बोटं वाजवायच्या, इडापिडा टळो म्हणून. आणि मी माझ्याच मयतीला ठेका द्यायचो. त्या बुडालेल्या पोराचं नाव मला आजही माहीत नाही. पण ठेका धरला की पाठीशी कोणीतरी ओल्या कपड्यांनी उभं आहे असं वाटायचं. वळून बघायची हिंमत मला कधी झाली नाही.

तोकातजवळच्या आमच्या गावात कॉफीखान्यातल्या रेडिओवर गाणं लागलं. बँडचं नाव सांगितलं गेलं आणि पाठोपाठ दुर्सुन गेला. गावानं काय समजायचं? बायकांनी लगेच रवा परतायला घेतला. मयताच्या घरी नेतात तो हलवा. मला हे कळलं तसा मी मिळेल त्या बसनं धावत गेलो. वाड्यांवरून जाताना लोक माझ्याकडे पाहून मान खाली घालत होते. आईनं दार उघडलं, माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मला आत ओढलं आणि कडी लावली.

"आई, मी जिवंत आहे."

"ते दिसतंय. डोळे गेले नाहीत माझे. हळू बोल."

"मग हा हलवा कसला?"

"तुझाच. लोणी चांगलं घातलंय, खाऊन घे."

"मी आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांना सांगतो."

"तंगडं मोडीन." तिनं मला चटईवर बसवलं. "तुझ्या आधीचे दोघे अज्राईलनं, त्या मरणाच्या फरिश्त्यानं, पाळण्यातून उचलले. म्हणून तुझं नावच दुर्सुन, म्हणजे 'थांबो', असं ठेवलं, हा तरी राहो म्हणून. तेव्हापासून मी धड झोपले नाही. आता अख्खा देश ओरडून सांगतोय, दुर्सुन गेला. अज्राईलही रेडिओ ऐकतच असेल. त्याला वाटू दे, हे काम उरकलं."

"हा वेडेपणा आहे, आई."

"असू दे. शहाणपणानं दोन घालवलेत मी. इस्तंबूलात काय हवं ते नाव लाव, तिथल्या गर्दीत त्याला कोण सापडतंय. पण या घरात दुर्सुन नाही. यायचं तर पाहुणा म्हणून ये."

मला वाटलं, भीतीचा भर आहे, ओसरेल. तो ओसरला नाही. पुढच्या खेपेला गेलो तर दारात म्हणाली, "या पाहुणे, बसा." माझी सख्खी आई मला 'तुम्ही' म्हणत होती. हात धुवायला पाणी देताना नजर जमिनीकडे. मी रागावलो, भांडलो, एक वर्ष गेलोच नाही.

मग चोरुमच्या रस्त्यावर आमची गाडी उलटली. एर्कुत तिथेच गेला. गिटारवाला दवाखान्यात वारला. मी त्याच गाडीत होतो, मला खरचटलंही नाही. पोलीस म्हणाला, "तुम्हाला अज्राईलनं पाहिलंच नाही बहुतेक." त्या दिवसापासून मी आईशी भांडणं सोडलं. खरं सांगायचं तर मी घाबरलो.

पण माणूस आहे मी. निघताना उंबऱ्यात रेंगाळायचो. एकदा न राहवून म्हणालो, "आई, एकदा नावानं हाक मार. एकदाच."

"कोणाच्या नावानं, पाहुणे?" ती म्हणाली. तिनं माझ्या चपला उंबऱ्यापाशी सरळ लावल्या. मी चपला घातल्या.

अशी वर्षं गेली. ती वारली तेव्हा थंडी नुकती सुरू झाली होती. मी पोचलो तर तिला कबरस्तानात आणलं होतं. नवा इमाम तरुण होता, परगावचा. बाईला कबरीत उतरवायचं तर जवळचा पुरुष लागतो. त्यानं विचारलं, "हनीफेआजींचा मुलगा, भाऊ, कोणी आहे का?"

कोणी पुढे झालं नाही. मी गर्दीच्या मागे उभा होतो, पाहुणा. तिनं आयुष्यभर जे जपलं ते एका शब्दात जाणार होतं. जाऊ दे, म्हटलं. निदान तिला मातीत ठेवायला तरी मुलगा असू दे. मी पुढे झालो. "मी आहे. मी दुर्सु..."

"दुर्सुन केव्हाच मेला," बेकिरकाका मोठ्यानं म्हणाला. आमचा शेजारी, काठीवर वाकलेला. "रेडिओवर सांगितलंय, इमामसाहेब. हा हनीफेवहिनीचा पाहुणा. उतर रे पाहुण्या, आम्हाला थंडी वाजतेय."

"पण काका, नियमानं जवळचाच माणूस..."

"जवळचाच आहे. किती जवळचा ते गावाला ठाऊक आहे. नाव तेवढं विचारू नका."

मी सगळ्यांकडे पाहिलं. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ज्या बायकांनी हलवा आणला होता, त्यांच्या लेकी कुंपणापाशी उभ्या होत्या, त्याही शांत. माझी आई यांना फसवतेय असं मला इतकी वर्षं वाटत होतं. मला हुंदका आवरला नाही.

मी खाली उतरलो. तिला हातांवर घेतलं, कुशीवर निजवलं, कफनाच्या गाठी सोडल्या. फारच हलकी झाली होती.

वर आल्यावर लोक रांगेनं आले. मयताच्या घरच्यांनाच म्हणतात ते वाक्य एकेकानं माझा हात धरून म्हटलं, "तुझं मस्तक सलामत राहो." कोणीही नाव घेतलं नाही. सगळ्यांत शेवटी बेकिरकाका आला. त्यानं माझा हात बराच वेळ सोडला नाही.

"तुझं मस्तक सलामत राहो," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "पाहुण्या."