एका गिअरवर फार फॉरेस्टपर्यंत

१९७४ सालची गोष्ट. खाणकामगारांचं आणि सरकारचं बिनसलं होतं, कोळसा मिळत नव्हता, म्हणून त्या हिवाळ्यात गिरण्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळायची. आमचं किडरमिन्स्टर म्हणजे गालिच्यांचं गाव. मी तिथल्या एका गिरणीत कामाला होते. मागावरून उतरलेल्या गालिच्यात कुठे टाके सुटले असतील तर ते सुईने भरायचे, हे माझं काम. तीन दिवस सुई चालवायची आणि चार दिवस घरी बसायचं. गल्लीतल्या लोकांनी मेणबत्त्या साठवायला घेतल्या. मी गाडी बांधायला घेतली.

हे वेड मला बाबांमुळे लागलं होतं. उन्हाळ्यात ते मला टेकडीवरच्या शर्यतींना न्यायचे. एकेक गाडी खालून सुटायची आणि वळणं घेत, घड्याळाशी झुंजत माथ्यावर जायची. त्यात काही गाड्या अगदी बुटक्या असायच्या, आंघोळीच्या टबाला चाकं लावावीत तशा, आणि त्याच सगळ्यांत जोरात जायच्या. बाबा कानाशी येऊन सांगायचे, "तो बघ, तो लोकांचे दात काढतो वूस्टरला. आणि हा खाटीक आहे. घरच्या शेडमध्ये बांधल्यात गाड्या." दात काढणारा माणूस अशी गाडी बांधू शकतो, तर टाके भरणारी मुलगी का नाही, हा विचार तेव्हापासून डोक्यात बसला होता.

सुटे भाग घेऊन स्वतः गाडी जोडली तर कर लागत नसे. ती सवलत आदल्या वर्षीच गेली होती. त्यामुळे वॉल्व्हरहॅम्प्टनच्या पलीकडचा एक कारखानदार उरलेले सांगाडे मिळेल त्या भावात काढत होता. मी एक घेतला. लोखंडी नळ्यांची चौकट, फायबरचं लाल कवच आणि खिळ्यापट्ट्यांचं एक खोकं, हे सगळं कोळशाच्या लॉरीतून आमच्या दारात उतरलं. बाकीचं, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग, हे एखाद्या जुन्या बीटलमधून काढून घ्यायचं होतं. आणि बीटल आमच्या घरात होती.

ती बाबांची. सहा वर्षं जर्मनांशी लढून आलेल्या माणसाने जर्मन गाडी घेतली म्हणून गल्लीने त्यांना बरंच छळलं होतं. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आईला गाडी चालवता येत नव्हती. पण दर रविवारी चर्चहून आली की ती गॅरेजमध्ये जायची, गाडीच्या डाव्या सीटवर, तिच्या नेहमीच्या जागी, दार लावून बसायची आणि मांडीवर भांडं घेऊन वाटाणे सोलायची. वाटाणे संपले की बाहेर यायची. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

मी तिला विचारलं तेव्हा ती बटाटे सोलत होती.

"आई, बाबांची गाडी मला हवी आहे."

"घे की. चालवायला मी कधी नाही म्हटलं?"

"चालवायला नाही. सोडवायला."

"सोडवायला म्हणजे?"

"सुटी करायला. आतलं सगळं काढून माझ्या गाडीला लावायचंय."

तिने हातातला बटाटा पुरा केला. "चौदा वर्षं पुसली त्यांनी ती गाडी. मला एवढं पुसलं असतं तर मीही चकाकले असते. आणि तू ती कोंबडीसारखी सोलणार."

मी टेबलावरची सालं गोळा करायला लागले.

"ऐक," ती म्हणाली. "मेअखेरच्या सुट्टीच्या सोमवारी आम्ही विनीकडे जेवायला जायचो. दोन वर्षं गेले नाही. बसमध्ये मला मळमळतं. या वर्षी त्या सोमवारी तुझ्या त्या टबात बसून मी फार फॉरेस्टला जाणार. नाही गेले, तर माझी गाडी होती तशी परत उभी करायची. स्क्रू न् स्क्रू. आणि मग पुन्हा तिला हात लावायचा नाही."

"कबूल."

"कबूल काय, कबूल. तू अर्धा विणून सोडलेला तो स्वेटर अजून कपाटात आहे."

विनी म्हणजे माझी आत्या. फार फॉरेस्ट आमच्यापासून सात-आठ मैलांवर, ब्यूडलीचा पूल ओलांडून पुढे.

शेजारी सिरिल ट्रँटर राहायचे. बसडेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक, बाबांचे दोस्त, माझे सिरिलकाका. बीटलचं पहिलं चाक उतरवलं तेव्हाच ते कुंपणावरून डोकावले.

"एव्हिस, हे काय तुझ्याच्याने पुरं होणार नाही," ते म्हणाले. "पण बघायला मजा येईल. थांब, खुर्ची आणतो."

खुर्ची आणली ती त्यांनी मेपर्यंत परत नेली नाही.

आई पहिले दोन आठवडे गॅरेजकडे फिरकली नाही. रविवारी स्वयंपाकघरातच, खिडकीकडे पाठ करून वाटाणे सोलायची. मग एके दिवशी मी नटबोल्ट वर्तमानपत्रावर पसरलेले पाहून तिला राहवलं नाही. मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन आली आणि म्हणाली, "असा संसार मांडतात का कुणी?" तेव्हापासून ब्रेकचे बोल्ट एका बरणीत, स्टिअरिंगचे दुसरीत. मला पान्हा हातात देतानाही ती तोंड वाकडं करून द्यायची, पण द्यायची.

त्या दिवसांत मला काय मिळत होतं ते लोकांना सांगणं अवघड होतं. गिरणीत मी दुसऱ्याने विणलेल्यातली भोकं बुजवायची. माझं काम जितकं चांगलं, तितकं ते दिसेनासं व्हायचं. इथे मात्र रिकाम्या चौकटीत काल नव्हतं ते आज असायचं. हँडब्रेक ओढला की मागे काहीतरी आवळलं जायचं, आणि का आवळलं जातं ते मला ठाऊक असायचं, कारण ती तार मीच ओवली होती. बीटलचं इंजिन काही फार ताकदीचं नव्हे. सिरिलकाकांनी त्याला मोठे सिलिंडर आणि दोन कार्ब्युरेटर बसवले. पण खरी गंमत वजनात होती. पुढची बाजू मी आणि आई मिळून उचलू शकत होतो. ज्या इंजिनाने बाबांची जड गाडी ओढली, त्याला आता एवढंसं ओझं. नुसत्या कल्पनेने माझ्या तळपायाला मुंग्या यायच्या.

सुट्टीच्या आदल्या शनिवारी गाडी तयार झाली. परवाने, विमा सगळं झालं होतं. आदल्या संध्याकाळी मागची चाकं विटांवर उचलून आम्ही गिअर टाकून पाहिला होता. चाकं झकास फिरली, सिरिलकाकांनी टाळी दिली. शनिवारी अख्खी गल्ली जमली. आई फाटकाशी नवीन हॅट घालून उभी होती.

मी गाडीत उतरले. उतरलेच म्हणायचं, कारण सीट जमिनीपासून वीतभर. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी सुसाट मागे गेली. सरळ सिरिलकाकांच्या कुंपणात.

मला वाटलं गिअर चुकला. पुन्हा नीट पाहून पहिला टाकला. गाडी कुंपणात आणखी घुसली. दुसरा टाकला, तेच.

"काय गं एव्हिस," पलीकडून कोणीतरी म्हणालं, "बर्लिनकडे माघार चाललीय वाटतं?"

सिरिलकाका खुर्चीतून उठले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. बीटलचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. आमच्या गाडीत ते त्या चाकांच्या पुढे, माझ्या पाठीला टेकून होतं; म्हणजे अख्खं यंत्र उलटं फिरवून बसवलेलं. तसं बसवलं की चाकंही उलटी फिरणार. म्हणून गिअरबॉक्स उघडून त्यातलं मोठं दातेरी चक्र काढायचं आणि दुसऱ्या बाजूला लावायचं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"तू केलंस ना ते?" काकांनी विचारलं.

"मला वाटलं तुम्ही केलंत. तुमच्याच शेडमध्ये होता ना गिअरबॉक्स."

"मी फक्त गळती बघायला नेला होता गं."

आदल्या संध्याकाळी चाकं फिरतायत हे सगळ्यांनी पाहिलं होतं. कुठल्या बाजूला फिरतायत, हे कोणीच पाहिलं नव्हतं.

गल्ली हसून हसून पांगली. दुरुस्ती म्हणजे इंजिन उतरवा, गिअरबॉक्स उतरवा, उघडा, सांध्यात बसवायची नवीन गास्केट आणा. आणि सुट्टीत दुकानं बंद. सोमवारपर्यंत होणं शक्य नव्हतं. मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेले. आई हॅट काढून टेबलावर ठेवत होती.

"आई, मी शब्द पाळीन," मी म्हणाले. "मंगळवारपासून सगळं काढते. बाबांची गाडी होती तशी करून देते."

मागच्या खिडकीतून अंगणात ठेवलेलं बीटलचं रिकामं कवच दिसत होतं. आतून गवत वाढायला लागलं होतं. आईने एकदा तिकडे पाहिलं. तिने नुसतं हो म्हटलं असतं, तर बाबांची गाडी तिला परत मिळाली असती.

"सिरिलना बोलाव," ती म्हणाली.

काका टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले.

"काय हो, या गाडीला मागे जायचे किती गिअर झालेत?"

"चार, हिल्डावहिनी."

"आणि उलट्याचा जो गिअर असतो तो?"

"तो आता पुढे नेणार. पण..."

"म्हणजे पुढे जायला एक आहे."

"आहे हो, पण तो रिव्हर्सचा. माणूस धावेल तेवढी जाईल फार तर. इंजिन बोंबलेल नुसतं."

"मोडेल का?"

काकांनी विचार केला. "मोडणार नाही. लाज वाटेल."

"लाज मला वाटायची आहे, गाडीला नाही," आई म्हणाली. "मी तुझ्या गाडीत बसून विनीकडे जाणार असं म्हटलं होतं एव्हिस. किती वेगाने, ते म्हटलं नव्हतं. सोमवारी दहाला निघू. जेवण एकला असतं."

सोमवारी आम्ही निघालो. इंजिन असं ओरडत होतं की शर्यतच जिंकतोय, आणि बाजूने सायकलवाले पुढे जात होते. आईने हॅटवरून रुमाल बांधला होता. ब्यूडलीला पोहोचेपर्यंत आमच्या मागे मोटारींची रांग लागली होती, पार वळणाआड गेलेली. सुट्टीचा दिवस, पुलावर माणसांची गर्दी. लोक आमच्याकडे बघायचे. इतकी बुटकी, लालभडक, वेगाने पळायला जन्मलेली गाडी, आणि चाल गोगलगायीची. मागून भोंगे वाजत होते. आई वळून हात हलवायची, जणू ते तिलाच मानवंदना देतायत.

पुलाच्या टोकाला पोलिसाने थांबवलं. "बाई, गाडीला काही झालंय का?"

"काही नाही," आई म्हणाली. "आम्हाला घाई नाही."

तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "कोणी बांधली?"

"हिने." आईने माझ्याकडे बोट केलं नाही, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "इंजिन माझ्या नवऱ्याचं आहे."

त्याने मागच्यांना हात दाखवून आम्हाला आधी सोडलं.

ब्यूडलीनंतर उभा चढ आहे. तिथे मात्र तो वेग नसलेला, पण भरपूर ओढीचा गिअर कामाला आला. गाडी धापा न टाकता चढली. वर पोहोचल्यावर मोकळं रान लागलं. आई ओरडून काहीतरी म्हणाली. मी कान जवळ नेला.

"त्यांना असं जमिनीलगत बसायला आवडलं असतं," ती म्हणत होती. "रस्ता किती जवळ आहे गं."

आम्ही एक वाजायच्या आत आत्याच्या दारात होतो. आत्याचा नवरा, अर्नेस्टमामा, सगळी हकीकत ऐकून म्हणाले, "परत जाताना तोंड फिरवू नका. मागे जायला हिच्याइतकी वेगवान गाडी अख्ख्या परगण्यात नाही." आईने दोनदा पुडिंग घेतलं. संध्याकाळी निघताना आत्या तिला म्हणाली, "हिल्डा, पुढच्या रविवारी ये." आई म्हणाली, "गाडी नीट झाली की अर्ध्या तासात येते."

दुसऱ्याच दिवशी तिने मुरंब्याच्या बरण्या धुऊन आणल्या. मी आणि काकांनी गिअरबॉक्स उतरवला, दातेरी चक्र काढून दुसऱ्या बाजूला बसवलं, आणि या वेळी आईने स्वतः वाकून चाकं कुठे फिरतात ते पाहिलं. मग मी गाडी पहिल्यांदा खऱ्या वेगाने नेली, रिकाम्या रस्त्यावर, पहाटे. त्याचं वर्णन मी करत नाही. मी मोठ्याने हसत होते एवढं आठवतं. सप्टेंबरात टेकडीच्या शर्यतीत उतरले. बायकांच्या गटात पाच जणींत तिसरी आले.

सिरिलकाका एक्क्याऐंशी साली गेले. कुंपणाला पडलेलं भगदाड त्यांनी शेवटपर्यंत बुजू दिलं नाही. आमच्याकडे यायला तोच रस्ता झाला होता. अर्नेस्टमामांच्या मागे आत्या बरीच वर्षं एकटी राहिली, पण रविवारी कधीच एकटी नव्हती. बीटलचं कवच आईने चौऱ्याहत्तरच्याच शरद ऋतूत स्वतःहून भंगारवाल्याला दिलं आणि त्याच्याशी भावावरून भांडली. बासष्टाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली, तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झाली, आणि शहाण्णव साली वारली तोवर तिला बसची गरज पडली नाही.

मी शहात्तर साली गिरणी सोडली. ब्यूडलीच्या वाटेवर एक शेड भाड्याने घेतली आणि इतरांच्या अर्धवट राहिलेल्या गाड्या पुऱ्या करून द्यायला लागले. अशा गाड्या या देशात किती असतील, तुम्हाला कल्पना नाही. त्यातलीच एक घेऊन आलेला एक अबोल माणूस माझा नवरा झाला. तो आहे अजून, पलीकडच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करतोय. लाल गाडी मी गुडघे दुखायला लागल्यावर विकली. ती आता वेल्समध्ये एका शाळामास्तरणीकडे आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला होता, टेकडीवर तिने माझ्यापेक्षा चार सेकंद कमी घेतले म्हणून.