आखूड पायाचा बाक आणि एक इंग्रजी शब्द

ज्या वर्षी नागनाथ शिंप्यांच्या मुलीचे, संध्याचे लग्न झाले, त्याच वर्षी माझा जन्म झाला. ते १९९१ साल होते. मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. लाकूड फणसाचे, लांबी चार माणसांची, आणि चारपैकी एक पाय आखूड.

त्या पायाची गोष्ट आधी सांगतो. येलहंकात नागनाथांचे शिलाईचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर. लग्नाला पाहुणे येणार, त्यांना बसायला काही नाही, म्हणून घराचे जुने दार कापून महांतेश सुताराने मला घडवले. चौथ्या पायाशी लाकूड संपले. पाय बोटभर कमी पडला. नागनाथ रागावले, तेव्हा महांतेश हसून कानडीत म्हणाला, "अण्णा, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." म्हणजे, थोडे जमवून घ्या. या जगात माझ्या कानावर पडलेले हे पहिले बोलणे. नागनाथांनी एका चिंधीची चार पदरी घडी केली आणि माझ्या पायाखाली सारली. मी डुगडुगायचा थांबलो.

लग्न पार पडले आणि मी दुकानात गिऱ्हाइकांसाठी राहिलो. तिथे तो इंग्रजी शब्द मी रोज ऐकला. कुणी म्हणे, "रविवारी मुंज आहे, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." म्हणजे माझे कपडे आधी शिवा. कुणाचा ब्लाउज घट्ट होई, तेव्हा अ‍ॅडजस्ट म्हणजे उसवा. कापड कमी पडे, तेव्हा अ‍ॅडजस्ट म्हणजे बाही आखूड चालेल. आणि माझ्यावर चौघी बसलेल्या असताना पाचवी आली, की तोच शब्द म्हणजे सरका.

नागनाथांची बायको तानूबाई माझ्या टोकाला बसून काजे-बटणे करीत. पाचवे माणूस आले की सगळ्यांच्या आधी त्या उठत आणि खाली फरशीवर बसत. त्यांना सांगावे लागत नसे. एरवी तो शब्द सगळे त्यांना म्हणत. त्यांनी मात्र तो कुणाला म्हटलेला मी कधी ऐकला नाही.

आता माझा दोष सांगतो. मी मत्सरी आहे. लहानपणापासून मी शिलाई मशीनवर जळत आलो. दर शनिवारी त्याला तेल मिळे. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, त्याला हळदकुंकू लागे, शेवंतीचा हार पडे. कात्रीला कुंकू, टेपला कुंकू. माझ्यावर मात्र पूजेचे ताट ठेवत. दिवसभर माणसांचे वजन मी सोसायचे आणि हार त्याने घालायचा! २०१४ साली नागनाथ गेले, दुकान बंद झाले आणि मशीन विकले गेले. नागनाथांसाठी मला वाईट वाटले. मशीनसाठी वाटले नाही, खोटे कशाला बोलू?

मुलगा रघुनंदन तानूबाईंना मारतहळ्ळीच्या आपल्या फ्लॅटवर न्यायला आला.

"आई, बाक कशाला? तिथं जागा कुठाय? थोडं अ‍ॅडजस्ट कर ना."

"करते की. तुझ्या घरात मी कशीही राहीन. पण बाक येऊ दे."

मी टेम्पोतून निघालो, तेव्हा मला वाटले, आता या बाईंच्या आयुष्यात माझ्याशिवाय कुणी नाही. मी फार सुखावलो.

तिथली पहिली वर्षे माझी सोन्याची. रघुनंदनची बायको श्वेता पुण्याची. मुलीला, सिद्धीला, मराठी वाचता यावे म्हणून ती सुट्टीत पाटीवर अक्षरे गिरवून घेई. सिद्धी तीच पाटी माझ्यावर ठेवून आजीला शिकवी. तानूबाई त्रेसष्टाव्या वर्षी अक्षरे शिकल्या आणि त्यांच्याबरोबर मीही शिकलो. स्वतःचे नाव लिहून झाल्यावर एक दिवस त्या म्हणाल्या, "सिद्धे, ते अ‍ॅडजस्ट लिहून दाखव. त्याचा अर्थ काय गं?"

सिद्धीने शब्दकोश उघडला. "जुळवून घेणे. नीट बसवणे. थोडा फेरफार करणे."

"आणि सरकून जागा देणे?"

"ते इथं नाही दिलेलं, आजी."

"मग पुस्तक लिहिणाऱ्यानं आमच्या दुकानात एक दिवस बसायला हवं होतं."

दोघी इतक्या हसल्या की पायाखालची माझी चिंधी निसटली.

मग २०२० साल आले आणि खुर्ची आली. रघुनंदनचे ऑफिस घरात आले, म्हणून ती मोठ्या खोक्यातून आली. काळी, जाळीच्या पाठीची, पाच चाकांची. बाजूची दांडी ओढली की वर-खाली होई. सिद्धी कौतुकाने म्हणाली, "आजी, ही बघ अ‍ॅडजस्ट होणारी खुर्ची!" मी जन्मभर आखूड पायावर उभा राहून जे केले, त्याला कुणी नाव दिले नव्हते. हिने दांडीच्या जोरावर ते नाव मिळवले. त्या वर्षी आयुधपूजेला लॅपटॉपला कुंकू लागले. खुर्चीलाही लागले.

तेही मी सोसले असते. पण दुपारी रघुनंदन जेवायला उठला की तानूबाई खुर्चीत बसू लागल्या. पुढे त्याचे ऑफिस पुन्हा उघडले आणि खुर्ची त्यांचीच झाली. त्याच सुमारास श्वेताने मला बाल्कनीत नेले, पुसले आणि माझे चार-पाच फोटो काढले. माझी छाती फुगली. इतक्या वर्षांत माझा फोटो कुणी काढला नव्हता. पण दुसऱ्याच दिवशी तानूबाईंनी माझ्यावर तुळशीची कुंडी ठेवली. मग कोरफड, गवती चहा, मोगरा. मित्रांनो, ज्याच्यावर माणसे दाटीवाटीने बसत, त्याच्यावर आता चिखलाच्या कुंड्या! आणि तानूबाई रोज दुपारी खुर्ची ढकलत बाल्कनीच्या दारात आणत, तिच्यात रेलून बसत आणि पाय माझ्या कडेवर ठेवत. पाठ तिला आणि पाय मला. हा अपमान मी दिवसांमागून दिवस गिळला.

एकदा खुर्चीची दांडी बिघडली. तानूबाई बसल्या आणि खुर्ची सूं करून खाली गेली. त्या घाबरून ओरडल्या. मला आनंद झाला. वाटले, आता कळेल यांना! आज ते सांगताना लाज वाटते. खुर्चीसाठी माणूस घरी आला आणि अर्ध्या तासात तिला बरी करून गेला. मला आणखी जळायला कारण मिळाले.

मग २०२३च्या श्रावणात सोसायटीच्या सेक्रेटरी धनलक्ष्मी बाल्कन्या तपासायला आल्या. इमारतीत वाळवी निघाली होती. जुने लाकूड कुणी ठेवायचे नाही, असे ठरले होते. घरात तानूबाई आणि श्वेता होत्या. धनलक्ष्मींनी माझ्याकडे बोट केले.

"हे बाहेर काढा. उद्या गाडी येते, त्यात टाका."

"बरं," श्वेता म्हणाली.

माझे सगळे सांधे सैल झाले. तानूबाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. उठायला वेळ लागला. त्या माझ्यासमोर, धनलक्ष्मींच्या अगदी वाटेत उभ्या राहिल्या.

"हे लाकूड नाही, अक्का. ही बाग आहे. तुळस आहे बघा. तुळशीखालचं कसं काढणार?"

"अज्जी, रूल सगळ्यांना एकच."

"वाळवी आहे का, ठोकून बघा. फणस आहे. तुमच्या इमारतीच्या आधीचा आहे." मग तानूबाई थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "जन्मभर मी केलं. आज तुम्ही माझ्यासाठी करा. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्यांनी दुसऱ्याला म्हटला, आणि तो माझ्यासाठी.

धनलक्ष्मींनी मला वाकून ठोकले. आवाज भरीव आला. "सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण भिंतीपासून लांब ठेवा." आणि त्या शेजारच्या घरी गेल्या.

श्वेता कमरेवर हात ठेवून सासूकडे वळली. "आई, खरं सांगा. मी विकायला याचे फोटो काढले, म्हणून तुम्ही कुंड्या आणल्या ना?"

"तू फोटो काढलेस, मी तुळस आणली. तू म्हणालीस, तुळस खाली ठेवू, मी कोरफड आणली."

"पण त्यावर बसत तर नाही तुम्ही!"

"कंबर बसू देत नाही गं. पाठीला टेकू लागतो. त्याच्यावर माझा राग आहे होय? म्हणून तर पाय ठेवते, आहे ना जागेवर ते कळावं म्हणून."

मित्रांनो, दोन वर्षे मी ज्या कुंड्यांवर चिडलो, त्यांनीच मला राखले होते. दर महिन्याला पाण्याने माझ्या पायाखालची चिंधी कुजे आणि तानूबाई दुखऱ्या कमरेने वाकून नवी सारीत. चार पदरी, नागनाथांसारखी. ते मला दर वेळी दिसत होते. पण माझे लक्ष खुर्चीकडे होते.

आता चिंधी सिद्धी घालते. ती तीनच पदर घालते, म्हणून मी जरा डुगडुगतो. मी तक्रार करत नाही. तुमच्या घरात आखूड पायाचे काही असेल, तर अधूनमधून वाकून बघा. आणि कुणाला अ‍ॅडजस्ट कर म्हणण्याआधी, ते माणूस किती वेळा उठून फरशीवर बसले आहे, ते आठवा.

खुर्चीवर मी अजून थोडा जळतो. तो स्वभाव जायचा नाही. पण पूर्वीइतका नाही.

तानूबाई १६ जानेवारी २०२४ रोजी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वारल्या. त्या खुर्चीत बसल्या होत्या. पाय माझ्यावर होते.