सवतीला हातभार

रंगवाल्या वहिनीच्या घरातल्या एमसीबीला पंधरवड्यापासून पडायचं व्यसनच लागलं होतं. पुढच्या खोलीत वहिनीने बटण दाबलं, की भिंतीपलीकडच्या खोलीतला कॉम्प्रेसर हूं करायचा, हूं करतच राहायचा, आणि मग मीटरजवळ खट्. दिवा गेला, पंखा गेला, फ्रीज गेला. वहिनी खुर्चीवर चढून खटका वर करायची, खाली उतरून पुन्हा बटण दाबायची, आणि पुन्हा तेच. खुर्चीवर चढून-उतरून तिचे गुडघे बोलायला लागले होते.

वहिनी सायकलींचे सांगाडे, जुने पंखे, लोखंडी खुर्च्या असलं काहीबाही रंगवून द्यायची. कॉम्प्रेसर हवा भरणार, त्या हवेवर रंगाचा फवारा उडणार, असं ते काम. हवाच नाही म्हटल्यावर काम नाही, आणि काम नाही म्हटल्यावर या घरात एकटीने राहायला तिच्याकडे कारण नव्हतं. मुलगी वसतिगृहात, नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला. त्याचं फोनवर एकच पालुपद चालू होतं: "बसलं ना मशीन? मग लाव कुलूप आणि ये इकडे." वहिनीला जायचं नव्हतं. तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत दिवसभर हातावर हात ठेवून बसायचं, या विचारानेच तिचा जीव गुदमरायचा.

म्हणून तिने वायरमनला बोलावलं. हा वायरमन म्हणजे हातापेक्षा तोंडाने जास्त काम करणारा गडी, पण कामात वाईट नव्हता. आल्याआल्या त्याने एमसीबीच बदलली. नवीही पडली. मग वायर पाहिली, ती जाडजूड निघाली. टाकीतली हवा सोडून दिली, तेल पाहिलं, पट्ट्याचा ताण पाहिला. सगळं जागच्या जागी होतं.

"कधीपासून पडतेय वहिनी?"

"ही जाळी बसवली तेव्हापासून."

सुट्टीत मुलगी आली होती, तेव्हा मागच्या खोलीत काहीतरी उचलायला वाकली आणि तिच्या कुर्त्याची बाही पट्ट्यात जाता जाता वाचली. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीने जायच्या आधी स्वतः मापं घेऊन लोखंडी जाळी करवून आणली आणि पट्टा, चाक, सगळं झाकून स्क्रूने पक्कं केलं. तेव्हापासून हे दुखणं सुरू झालं होतं.

वायरमनला वाटलं, जाळी चाकाला घासत असणार. त्याने फटीतून चाक फिरवून पाहिलं. कुठेही घासत नव्हतं. मग त्याने मोटरच्या पाठीवरचं पत्र्याचं झाकण उघडलं, आतला कपॅसिटर बाहेर काढला आणि शीळ घातली. तो फुगून फाटलेला होता. आतलं तेल गळून, वाळून, वर धुळीची साय धरली होती.

"हा घ्या तुमचा चोर. मोटर उभी असताना तिला पहिला धक्का हा देतो. हा मेला की मोटर नुसती कण्हते, फिरत नाही, करंट ओढत राहते आणि एमसीबी पाडते." त्याने पिशवीतल्या तपासणीच्या मीटरची टोकं लावली, काटा ढिम्म हलला नाही. "पण हा काही पंधरा दिवसांत मेलेला नाही. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील."

"असं कसं होईल? जाळी बसवेपर्यंत मशीन रोज चालत होतं."

"मग कुणीतरी हात देत असणार. दाखवतो थांबा."

त्याने जाळी काढली, हातावर जाड फडकं गुंडाळलं आणि पुढे जाऊन बटण दाबायला तिला सांगितलं. मोटर हूं करायला लागली, त्याने चाकाला जोरात रेटा दिला, आणि मशीन धडधडत सुरू झालं. मशीन बंद करायला सांगून वायरमन पुढे आला, जिंकल्यासारखा हसत.

"बघितलं? असं दरवेळी. टाकीतली हवा उतरली की हे आपोआप पुन्हा सुरू होतं, तेव्हासुद्धा. म्हणजे दिवसातून कितीदा तरी. कोण बसायचं आत?"

"सासूबाई बसायच्या," वहिनी म्हणाली. "पण त्यांना जाऊन वर्ष होत आलं."

आता या सासूबाईंचं थोडं सांगायला हवं. मशीन आणलं सासऱ्यांनी. दिवसदिवस ते त्याच्यापाशीच असायचे, म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं सवत. सासरे गेले, फवारा वहिनीच्या हातात आला, आणि काही वर्षांनी एके दिवशी सासूबाई आपलं स्टूल घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसल्या, त्या कायमच्या. "सवतीवर लक्ष ठेवते," म्हणायच्या. जेवायला हाक मारली तरी काम थांबेपर्यंत उठायच्या नाहीत. नाकावर माशी बसू न देणारी बाई, विचारायची सोय नव्हती. दोघींचे खटके उडायचे ते यावरूनच. वहिनी इकडे घामाघूम, आणि म्हातारी तिकडे आरामात बसलेली. "माझ्या कामाला त्यांनी कधी बोट लावलं नाही हो," हे वहिनीने गल्लीतल्या प्रत्येक बाईला सांगून झालं होतं. वायरमनलाही आज चहा देता देता सांगितलं होतंच.

तिला एकदम सासूबाईंचे हात आठवले. संध्याकाळी मोरीत बसून साबणाने घासघासून धुवायच्या. उजवा तळवा काळा झालेला असायचा. नुसतं बसून हात कसे काळे होतात, असं एकदा तिने खोचकपणे विचारलंही होतं. सासूबाईंनी नुसता पुन्हा साबण लावला होता.

"म्हणजे त्या..." वहिनीचं वाक्य अर्धंच राहिलं.

वायरमन मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडला होता. "त्या होत्या तोवर ठीक. पण त्या गेल्यावर? वर्षभर?"

तो पुन्हा आत गेला, वहिनी त्याच्या मागोमाग गेली. फवाऱ्याची उडालेली रंगीत धूळ त्या खोलीत सगळीकडे बसलेली होती, भिंतींवर, टाकीवर, चाकाच्या आऱ्यांवर, चांगली बोटभर जाड म्हणावी अशी. फक्त चाकाच्या काठावर एका जागी, तळवा मावेल एवढं लोखंड उघडं होतं. वापरातल्या कडीसारखं गुळगुळीत. त्यावर पंधरवड्याची असावी तेवढीच धूळ होती, बोटाने पुसली की निघेल अशी. वायरमनने बोट लावलं नाही.

"तुम्हीच ढकलत असाल वहिनी. विसरला असाल."

"मी पुढे बटणापाशी असते. दोन्हीकडे कशी असेन?"

"मग आता माझ्यासमोर दाबा. जाळी काढलेलीच आहे, आत कुणी नाही. एमसीबी पडते की नाही बघू."

दोघं पुढच्या खोलीत आले. वहिनीने बटण दाबलं. भिंतीपलीकडे हूं सुरू झालं. वायरमन मीटरकडे बघत राहिला. हूं लांबलं, जरा खोल गेलं, आणि मग चाकाला रेटा बसल्याचा तो आवाज आला, आणि मशीन धडधडायला लागलं.

वहिनीला या आवाजाची इतकी सवय होती, की क्षणभर तिला बरंच वाटलं. मग तिने वायरमनचा चेहरा पाहिला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. आत जाऊन बघायचं दोघांपैकी कुणीच नाव काढलं नाही. टाकी भरली, मशीन थांबलं, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी दम खाल्ल्यासारखा एक श्वास आला. मशीन थांबलं की हवा सुटतेच, पण ती आधीच फुस्स करून सुटून गेली होती.

"मी निघतो," वायरमन म्हणाला. "चालतंय ना? चालू द्या."

"निघता कुठे? नवा कपॅसिटर बसवा."

"वहिनी, कशाला उगाच..."

"बसवा म्हणते ना." वहिनीचा आवाज चढला. तिला भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त राग येत होता, आणि तो कुणावर ते तिला कळत नव्हतं. "जन्मभर राबली बाई, मेल्यावर तरी तिला बसू द्याल की नाही?"

वायरमनने टाकीतली हवा पुन्हा सोडून दिली आणि नवा कपॅसिटर बसवला. वहिनी दाराच्या चौकटीत उभी राहिली, म्हणून तेवढं तरी झालं. मग दोघं पुढे आले आणि तिने बटण दाबलं.

हूं. आणि खट्.

खटका वर केला, पुन्हा दाबलं, पुन्हा खट्. वायरमनने मीटर लावून पाहिलं. कपॅसिटर उत्तम होता, वायरी बरोबर होत्या. वीज बंद करून त्याने चाक हाताने फिरवायला घेतलं, तर ते फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला तरी हलेना. "जाम झालंय," तो म्हणाला, पण त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. मघाशी तर तेच चाक त्याने एका हाताने फिरवलं होतं.

वहिनीने चाकाकडे पाहिलं. त्या उघड्या लोखंडावर धुळीचा कणही उरला नव्हता. धरलंय, तिच्या मनात आलं. हातातलं काम कुणी काढून घेतलेलं या बाईला कधी खपलं नव्हतं. आता तर न विचारता, न सांगता, परक्या माणसाच्या हातून काढून घेतलं होतं.

"आई," ती म्हणाली, "सोडा. हाताला लागेल तुमच्या."

वायरमनने चाक ओढून पाहिलं. काही नाही.

"आई, मला कळलं नाही हो. फार केलंत माझ्यासाठी."

तेही पुरलं नाही. मग तिला वाटलं, हे दोघींतलं बोलणं दोघींत उरकून कसं चालेल? बोल लावला तेव्हा तो काही कुणाच्या कानात कुजबुजून लावला नव्हता. ती वायरमनकडे वळली आणि चारचौघांत बोलतात तशा खड्या आवाजात म्हणाली,

"वायरमनभाऊ, मी मघाशी तुम्हाला म्हणाले, सासूबाईंनी माझ्या कामाला कधी बोट लावलं नाही. ते खोटं. हे काम जेवढं माझं, तेवढंच त्यांचं. माझा हात पुढे दिसायचा आणि त्यांचा मागे असायचा, एवढाच फरक. गल्लीत विचारेल त्याला हेच सांगा. मीही घरोघर जाऊन सांगणार आहे."

 मग वायरमनही, वहिनीकडे न बघता, रिकाम्या खोलीला उद्देशून म्हणाला, "ऐकलं मी. सांगतो सगळ्यांना."

त्याचा हात चाकावरच होता. चाक आपसूक सैल झालं आणि अर्धा वेढा फिरून थांबलं. त्याने हात झटक्यात मागे घेतला.

वहिनीने पुढे जाऊन खटका वर केला आणि बटण दाबलं. या खेपेला हूं झालंच नाही. मशीन एका दमात सुरू झालं, नव्यासारखं. वायरमनने कसेबसे जाळीचे स्क्रू पिळले, पिशवी उचलली आणि चप्पल पायात पुरती न सरकवताच तो गेला.

वहिनीने एक सायकल टांगली आणि फवारा धरला. रंग छान बसत होता. टाकीतली हवा उतरली, मशीन आपलं आपण सुरू झालं. पुन्हा भरली, थांबलं, पुन्हा सुरू झालं. नवऱ्याला फोन करून मशीन चाललं म्हणून सांगायचं होतं. पण तिने फवारा खाली ठेवला आणि भिंतीला कान लावून उभी राहिली. पलीकडे मोटरच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. सासूबाई गेल्यापासून ती या घरात एकटी राहत होती, असं सगळे म्हणायचे. एकटं वाटलं ते तिला आज पहिल्यांदा.