डागाचं नाव विचारा

मित्रांनो, मला उजेडासमोर धराल तरच मी बोलते. एरवी मी सोनाळ्याच्या पंचफुलाच्या खिडकीत, फुटक्या काचेच्या जागी ठोकलेली एक जुनी एक्स-रे फिल्म आहे. माझ्यात तिची छाती आहे आणि फुफ्फुसात बोराएवढा पांढरा डाग.

ते बीटी कपाशीचे दिवस. भाव पडलेला, म्हणून गावभर घराघरांत कापूस भरला होता. पंचफुलाकडेही. खालचा थर ओला राहून बुरशीला लागला. त्याच गंजीवर ती लेकीला कुशीत घेऊन निजायची.

तिला ताप-खोकला आला, तेव्हा मला काढलं. गावच्या दवाखान्यात मला एकदा पाहिलं आणि ठरवलं, टीबी. लेकीला लागू नये म्हणून सासूनं, शालूबाईनं, चिमुकल्या सुचिताला जानेफळला आत्याकडे धाडलं. माझ्याच नावावर. मी फक्त डाग दाखवते हो, त्याचं नाव मला कुठं ठाऊक?

पंचफुला अडून बसली. "टीबीच्या गोया खाईन, पण आधी तपासून त्या डागाचं नाव सांगा. सोयरीक करतानी कूळ इचारता, मंग याचं काऊन नाही?"

"लय शायनी झाली, आमाले शिकवते," शालूबाई म्हणाली.

"हाव. पोरगी नेली तुमी, मंग व्हाच लागते."

मला पिशवीत गुंडाळून ती बुलढाण्याला गेली. डॉक्टर अदीबांनी मला उजेडाच्या पेटीवर लावलं. "आणखी कुठली गोळी चालू आहे?"

"नाही जी. सांध्याची तेवढी. ते कवाचीच खाऊन राह्यली."

पदराच्या गाठीतून पाकीट निघालं. स्टेरॉईड. त्या गोळीनं अंगाची राखण ढिली केली होती.

"अशा छातीत टीबी असेल, बुरशी असेल. डाग सारखेच दिसतात. नमुना काढू."

बारीक नळी घालून फुफ्फुसातला नमुना काढला. बुरशीच निघाली. ही माणसाकडून माणसाला लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बुरशीचं औषध सुरू झालं, सांध्याची गोळी त्यांनी हळूहळू उतरवली. बरी झाल्यावर पंचफुलानं सोनाळ्याची नाही, जानेफळची एसटी धरली.

पुढं नवी, स्वच्छ फिल्म आली आणि मी खिडकीत गेले. ऊन, धूळ, कोळ्याची जाळी, सगळं सोसते. पण मित्रांनो, नुसत्या माझ्याकडे पाहून कुणाला घराबाहेर काढू नका. डॉक्टरांपुढे घरातली प्रत्येक गोळी ठेवा, आणि नमुना तपासा म्हणा.

कापूस आता बाहेर, गोठ्याशेजारी कोरड्यात असतो. सकाळी ऊन माझ्यातून आत येतं. सुचिता डागावर बोट ठेवते.

"आई, हे काय व?"

"याच्यापायी तुले नेलं होतं."

"मंग?"

"मंग मी त्याले नाव इचारलं," पंचफुला म्हणते आणि तिची वेणी घालत राहते.