तिरवेवाडीच्या सिस्टरचा प्रश्न

"हे खरे नाही," मंत्र्यांनी वाचलं आणि पान उलटलं.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, प्रश्नोत्तराच्या तासाला, आमदार संगमेश कडगावे आपल्या बाकाजवळ उभेच राहिले. विरोधी पक्षातल्या माणसाला 'हे खरे नाही' काही नवं नसतं, ते ऐकता ऐकताच त्याचे केस पिकतात. पण या खेपेला मंत्र्यांच्या हातात गावाचा जबाब होता. आजरा तालुक्यातल्या तिरवेवाडीच्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टर रात्रीची नसते, असं कडगावेंचं म्हणणं. आणि चौकशीला गेलेल्या अधिकाऱ्याला अख्ख्या वाडीनं एका सुरात सांगितलं होतं, की सिस्टर रात्रंदिवस इथंच असते, कसलीच तक्रार नाही. जबाबाखाली पहिलाच अंगठा चिमणाबाईचा.

"सन्माननीय सदस्यांनी एकदा सवड काढून वाडीला जाऊन यावं," मंत्री म्हणाले. समोरचे बाक हसले. कडगावेंच्या बाजूचेही दोघंतिघं हसले, कारण हसू काही पक्ष बघून येत नाही.

कडगावे खाली बसले खरे, पण त्यांचं डोकं चालेना. चिमणाबाई! गणपतीच्या आधी हीच बाई कोल्हापूरला, ताराबाई पार्कातल्या त्यांच्या कार्यालयात येऊन पदर तोंडाला लावून रडली होती. तिच्या सुनेचं, अनुजाचं, पहिलं बाळंतपण रात्रीचं झालं. उपकेंद्राला कुलूप. शेजारच्या बायकांनी जमेल तसं केलं, पण मूल रडलंच नाही. आता अनुजाला पुन्हा दिवस गेले होते. ऐकताना कडगावेंचे स्वतःचे डोळे भरून आले होते. तिथल्या तिथं त्यांनी आपल्या स्वीय सहायकाला, कृष्णातला, हाक मारून प्रश्न लिहायला सांगितला होता. मग त्या बाईनं असा अंगठा का द्यावा? कुणी दम दिला? का पैसे चारले? की आपल्यालाच कुणी खेळवलं?

शनिवारी सभागृहाला सुट्टी. कडगावे रात्रभर प्रवास करून कोल्हापूरला आले आणि दुपारी कृष्णातसह वाडीवर हजर झाले. भांडायच्या तयारीनं आले होते. पण भांडायला समोर कुणीतरी भांडखोर लागतो, आणि वाडीनं तर त्यांना ओवाळायलाच घेतलं. घोंगडं अंथरलं, भाजलेल्या काजूगरांची परात समोर ठेवली.

"आलासा व्हय आण्णा! बसा की," चिमणाबाई म्हणाली. "टीव्हीत दिसलासा. वाळलाईसा की लई."

"ते राहू दे," कडगावे म्हणाले; वाडीत ते सगळ्यांचे आण्णाच. "आधी सांग, सिस्टर रात्री इथं राहते का?"

"न्हाय."

"मग जबाबात राहते म्हणून सांगितलंस ते?"

"खोटं सांगितलं."

इतकं सरळ उत्तर आण्णांना उभ्या राजकारणात मिळालं नव्हतं. ते कृष्णातकडे बघायला लागले, कृष्णात काजूगरांकडे.

"तुमी तिथं काय मागितलासा, आण्णा?" आता चिमणाबाईचा आवाज चढला. "आमी काय मागितलं हुतं? ह्या सिस्टरला ऱ्हायाला धड छप्पर, आन् जोडीला दुसरी सिस्टर. त्यो सायेब आला त्यो ह्यातलं चकार शब्द बोलला न्हाय. दोषी कोण त्येवढं सांगा म्हणला. आता दोषी कुठनं आणू? दवाखान्यात बाई एकच हाय!"

आण्णांनी कृष्णातला विचारलं, हे दोषी कुठून आले.

"त्ये मी घातलं, आण्णा," कृष्णात म्हणाला. "दोषींवर कोणती कारवाई केली, हे शेवटी लागतंयच. रस्त्याला लावतो, शाळंला लावतो, पाण्याच्या टाकीलाबी लावतो. त्याबिगार प्रश्नाला वजनच येत न्हाय."

तेवढ्यात सिस्टर आलीच. मोना तिचं नाव, माहेर जयसिंगपूरचं, वय फार तर अठ्ठावीस. उपकेंद्रामागची तिची खोली वादळात उघडी पडली होती. म्हणून ती कडेवरच्या पोराला घेऊन आजऱ्यात भाड्यानं राहायची, सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळच्या एसटीनं जायची. तिच्या आधी उपकेंद्र कित्येक वर्षं बंदच होतं. ती आली आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांना आपल्याला बीपी आहे हे कळलं, पोरांना वेळेवर सुया मिळायला लागल्या, आणि धनगरवाड्यापर्यंत कुणीतरी चालत जायला लागलं.

"साहेब, मला निलंबित करणार आहेत का?" तिनं विचारलं. आण्णांना फार वाईट वाटलं. ज्या पोरीचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं, तिच्यावर त्यांनी सभागृहात कारवाई मागितली होती.

"हिला हलवली तर पुन्हा कुलूप," चिमणाबाई म्हणाली. "निम्मी का हुईना, सिस्टर हाय. म्हणून देवाला हात जोडलं आन् अंगठा उठवला."

परतीच्या वाटेवर आण्णांना काही सुचेना. खरं सिद्ध करावं, तर सिस्टर जाते. गप्प बसावं, तर आपण खोटारडे, आणि वाडीला काहीच मिळत नाही. निदान छप्पर मागावं म्हटलं, तर मंत्री विचारणार, छप्पर नाही तर बाई रात्री झोपते कुठं? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मागून कृष्णातचं चालूच, "आण्णा, हक्कभंग टाकूया का?" शेवटी एक गोष्ट त्यांनी ठरवली. आपली अब्रू गेली तर जाऊ दे, बाई राहिली पाहिजे.

सोमवारी अध्यक्षांची परवानगी घेऊन ते उभे राहिले. "माझी माहिती चुकीची होती," ते म्हणाले. विरोधी बाकावरून असं वाक्य तिथल्या भिंतींनीही ऐकलं नसावं. "तिरवेवाडीची सिस्टर एकटी सगळा भार ओढते. आजारी माणसाच्या दारात चालत जाते. तिच्यावर ठपका नको. तिच्या मदतीला आणखी एक सिस्टर द्यावी, एवढीच विनंती आहे."

मंत्री इतके खूश झाले की उठताना त्यांचा चष्मा खाली पडला. चूक कबूल करणारा विरोधक म्हणजे त्यांना दिवाळीच. सन्माननीय सदस्यांच्या मनाचा मोठेपणा त्यांनी वाखाणला. मग म्हणाले, जिथं एक भगिनी रात्रंदिवस एकटी सगळं सांभाळते, तिथं दुसऱ्या पदाची गरजच दिसत नाही. उलट अशा गुणी भगिनीला वाडीत अडकवून ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. "म्हणून मी घोषणा करतो, की या भगिनीला बढती देऊन माझ्या मतदारसंघातल्या नव्या आदर्श रुग्णालयात सन्मानानं नेमण्यात येईल!"

दोन्हीकडचे बाक वाजले. आण्णांचे स्वतःचे पक्षनेतेही बाक वाजवत होते. आण्णा "अध्यक्ष महोदय, अध्यक्ष महोदय" म्हणत राहिले, पण त्या आवाजात कोण ऐकतं? बाहेर आल्यावर नेत्यांनी पाठीवर थाप मारली, "वा कडगावे! सरकारला ऐकायला लावलंत." दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. आजऱ्यात कार्यकर्त्यांनी अभिनंदनाचा फलक लावला. ज्याला विचारावं तो म्हणे, छान झालं. मोनाच्या जागी कुणालाच नेमलं नाही, तिरवेवाडी रिकामी झाली, एवढंच कुणाच्या लक्षात येईना, आणि आण्णांना वाटायला लागलं, की आपणच वेडे आहोत की काय.

अधिवेशन संपल्यावर ते वाडीवर गेले तेव्हा मोनाची पाठवणी चालली होती. बायकांनी तिची ओटी भरली. ती रडत होती आणि मधूनच हसतही होती, कारण पगार वाढला होता, राहायला पक्की खोली मिळणार होती, पोराला चांगली शाळा मिळणार होती. तिच्यावर रागवायचं तरी कसं? ती आण्णांच्या पाया पडली. "तुमच्यामुळं झालं, साहेब," ती म्हणाली, आणि एसटीत चढली.

एसटी वळणाआड गेली तशी चिमणाबाई आण्णांकडे वळली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर आण्णांना बरं वाटलं असतं.

"खरं सांगितलं असतं, तर दोषी म्हणून गेली असती," ती म्हणाली. "खोटं सांगितलं, तर गुणाची म्हणून गेली. आता तुमीच सांगा आण्णा, आमी काय सांगाया पायजे हुतं?"

उभी हयात आण्णांनी सरकारला प्रश्न विचारले होते. हा त्यांना विचारलेला होता, आणि उत्तर लिहून द्यायला त्यांच्यामागे कुठलं खातं नव्हतं. 

दारातून अनुजा चहा घेऊन आली, एका हातानं चौकट धरत. दिवस भरत आलेले दिसत होते.

"कधीची तारीख आहे?" आण्णांनी विचारलं.

"संक्रांतीच्या अल्याड-पल्याड," अनुजा म्हणाली. "सिस्टर म्हणाल्या हुत्या, त्या दिसात मी हितंच मुक्कामाला येती म्हणून."

आण्णांनी तडकाफडकी आपल्या ड्रायव्हरला हाक मारली. "पिराजी, आजपासून तू गाडी घेऊन इथंच राहायचंस. पोरगी मोकळी होईपर्यंत. मी एसटीनं जातो." बोलता बोलता त्यांना जरा हलकं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदाच काहीतरी स्वच्छ, सरळ, हातात धरता येईल असं सुचलं होतं.

चिमणाबाईनं गाडीकडे बघितलं, पिराजीकडे बघितलं, मग आण्णांकडे.

"गाडी चांगली हाय," ती म्हणाली. "पर वाट घाटाची, आन् रातच्याला वाटंतच अडली तर? तुमच्या पिराजीला बाळातपण येतंय व्हय?"

पिराजीनं मान खाली घातली. आण्णा चहाचा कप घेऊन घोंगड्यावर बसले. त्यांना रडू आलं, आणि ते कुणापासून लपवायचं, हेही त्यांना कळेना.