माधवरावांचं खातं

सुमतीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर आणला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट टेकवलं. माधवराव काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मंडळाच्या वेबसाइटवर येऊन गेले होते. माधवरावांना जाऊन आठ महिने झाले होते.

"ऋता, हे काहीतरी चुकतंय गं," कानाशी धरलेल्या मोबाइलमध्ये त्या म्हणाल्या.

"चुकत नाहीये, आत्या. खाली बघ. परवाही आहे का? त्याच्या आदल्या दिवशी?"

होतं. रविवार सोडले तर रोज. एकूण अकरा वेळा.

गिरगावातल्या वाडीतलं हे ज्ञातीचं वधू-वर मंडळ. पूर्वी सगळी स्थळं फडताळातल्या वह्यांत असत आणि फडताळाची किल्ली माधवरावांच्या जानव्याला. आता वेबसाइट आली. मुलामुलींचे फोटो सभासदांना दिसत, पण पत्ते आणि फोन नंबर दिसत ते फक्त कार्यकारिणीच्या चौघांना. त्यातल्या एक सुमतीबाई, चौथे माधवराव.

ऋता सुमतीबाईंची भाची, एका बँकेत असल्याच ऑनलाइन चोऱ्या हुडकायचं काम करणारी. सहा महिन्यांपूर्वी तिने येऊन वेबसाइट तपासली आणि कपाळाला हात लावला. माधवरावांचा पासवर्ड काय, तर मंडळाचं नाव आणि पुढे स्थापनेचं साल. बरं, तो त्यांनी वार्षिक सभेत माइकवरून कौतुकाने सांगितलेलाही. ऋताने बाकीच्या तिघांना नवे पासवर्ड घ्यायला लावले, वर प्रत्येकाच्या मोबाइलवर ओटीपी येईल अशी सोय केली. आणि म्हणाली, गेलेल्या माणसाचं खातं आधी बंद कर.

तिथे सुमतीबाई अडल्या. ज्याने मंडळ उभं केलं त्याचं नाव वर्षश्राद्धाच्या आत पुसायचं? जनाची नाही तर मनाची तरी बाळगावी माणसाने.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या होत्या. "तो तुझा ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार. वाचायला ते आहेत कुठे? कुलूप आहे ते, आणि किल्ली गेली समुद्रात."

आत्यापुढे ऋताचं काही चाललं नव्हतं.

"अकरा वेळा येऊन बघितलं काय त्याने?" सुमतीबाईंनी आता विचारलं.

"एकच स्थळ, प्रत्येक वेळी तेच. नंबर चौदाशे सात."

सुमतीबाईंना नाव शोधावं लागलं नाही. चौदाशे सात म्हणजे जुई.

जुईचं लग्न राजसशी त्यांनीच ठरवलं होतं. किती गोड बोलायचा तो मुलगा, वाकून नमस्कार केल्याशिवाय खुर्चीत बसायचा नाही. साखरपुड्यानंतर जुईने ते लग्न मोडलं तेव्हा सुमतीबाईंनी तिलाच चार शब्द सुनावले होते. तिने ओढणी बाजूला करून दंडावरचे वळ दाखवले. मग तो तिच्या ऑफिसखाली उभा राहू लागला, दादरच्या घराखाली उभा राहू लागला. पोलिसांनी तंबी दिली, तरी तो उभाच. शेवटी पोरीने नोकरी बदलली, नंबर बदलला आणि माटुंग्याला खोली घेऊन एकटी राहायला गेली. तो पत्ता तिच्या आईवडिलांखेरीज कुणालाही ठाऊक नव्हता.

परवा मंगळवारी तिच्या वडिलांचा फोन आला. पुन्हा स्थळं बघायचीत, म्हणाले, कागदपत्रं थेट तिच्याकडेच पाठवा. सुमतीबाईंनी पत्ता आणि नवा नंबर लिहून घेतला आणि लगेच वेबसाइटवर भरून टाकला. सचिवालयात तेहेतीस वर्षं कारकुनी केलेली बाई. रिकामा रकाना त्यांना बघवत नसे.

"ऋता, तिचा पत्ता मी परवा संध्याकाळीच भरला गं."



"ते खातं आत्ताच्या आत्ता बंद कर. जुईचा नंबर आणि पत्ता मला पाठव, मी लावते. आणि आत्या, ओटीपी वाचल्याशिवाय कुणी आत येऊ शकत नाही. माधवकाकांचा फोन कुणाकडे आहे, ते बघ."

खातं बंद करायला दोन बटणं पुरली. एवढ्याशा कामासाठी आपण सहा महिने अडून बसलो, या विचाराने सुमतीबाईंना स्वतःची लाज वाटली. पदर सावरत त्या जिना उतरल्या आणि समोरच्या चाळीत तळमजल्यावर शिरल्या.

माधवरावांच्या पत्नी आनंदीबाई वाल सोलत बसल्या होत्या. भिंतीवर नवऱ्याचा फोटो, त्याखाली स्टुलावर नवऱ्याचा मोबाइल चार्जिंगला लावलेला.

"वहिनी, हा फोन चालू आहे?"

"न चालायला काय झालं? दर महिन्याला रिचार्ज करते मी. ह्यांचा नंबर अर्ध्या गिरगावाला पाठ. बंद लागला तर लोकांना वाईट नाही का वाटणार?"

"त्यावर सहा आकडे येतात ते कुणी विचारतं तुम्हाला?"

"म्हणजे काय? तुमच्या मंडळातलाच मुलगा की. रोज तीनला फोन करतो. आधी माझे गुडघे कसे आहेत विचारतो, गोळी घेतली का विचारतो, मग म्हणतो, आजी, तेवढे आकडे वाचा. माझी पोटची पोरं महिना महिना फोन करत नाहीत, सुमती. रविवारी नाही गं करत तो. मंडळाला सुट्टी ना."

सुमतीबाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. रागवावं तरी कुणावर? घरात चोर शिरला तो दार फोडून नव्हे, ते दोघींनीच उघडं ठेवलं होतं.

"नाव काय सांगतो तो?"

"नाव कशाला विचारू? मंडळाचा म्हटल्यावर आपलाच."

"आज केला होता?"

"मघाशीच. पण आज आकडे नाही मागितले. म्हणाला, आजी, आता तुम्हाला त्रास नाही देणार, काम झालं. मी म्हटलं, त्रास कसला रे, करत जा फोन. आणि आहेस कुठे, गाड्यांचा केवढा आवाज येतोय. तर म्हणाला, माटुंग्याला आलोय."

सुमतीबाईंच्या मुठीतला मोबाइल वाजला. ऋताचाच होता.

"आत्या, चार वेळा लावला. जुई उचलत नाहीये. पोलिसांना कळवलंय, मीही निघतेय."

सुमतीबाई वळल्या. एक चप्पल पायात गेली, दुसरी सापडेना. त्यांनी ती शोधायचंही सोडून दिलं.

"अगं, निघालीस कुठे, चहा टाकते," आनंदीबाई मागून म्हणाल्या. "आणि ऐक. त्या मुलाचं अजून लग्न व्हायचंय म्हणे. इतका मायाळू पोरगा. तुझ्याकडे एवढ्या मुली येतात, त्याच्यासाठी एखादी चांगली बघून ठेव."